फुटूनही न विखुरणारी काच

ब्रिटनमधील जुन्या मोटारींचे शौकीन ‘व्हिंटेज’ हे बिरुद सरसकट कोणत्याही जुन्या गाडीला लावत नाहीत. पहिले महायुद्ध संपल्यापासून १९३० च्या अखेरीपर्यंत बांधल्या गेलेल्या गाड्यांपुरतेच ते राखून ठेवण्याचा त्यांचा प्रघात आहे. या बारा वर्षांत मोटारीचे इंजिन, ब्रेक आणि सांगाडा यांत जे बदल झाले त्यांचा इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. परंतु याच काळात तिच्या तावदानांतही एक स्थित्यंतर घडले. काळाच्या आरंभी बहुतेक सर्व गाड्यांत घराच्या खिडकीला लावतात तशीच साधी काच होती, आणि काळ संपता संपता अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या गाडीची दर्शनी काच फुटली तरी न विखुरणारी झाली होती. एखाद्या नव्या शोधामुळे हा बदल झाला असावा असे मानण्याचा मोह होतो, पण वस्तुस्थिती तशी नाही. शोध १९०९ सालीच लागलेला होता, त्याचे पेटंट झालेले होते, त्याच्यासाठी कंपन्याही निघाल्या होत्या. तरीही पुढची अठरा वर्षे तो सामान्य मोटारीच्या दारात ताटकळत राहिला. तो कसा लागला यापेक्षा तो का ताटकळला, हा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे.

अगदी आरंभीच्या मोटारींना पुढे काच नव्हतीच. घोडागाडीच्या घडणीतून उतरलेल्या त्या उघड्या गाड्यांचा वेगच इतका बेताचा होता की चालकाला डोळ्यांवर मोठा चष्मा आणि अंगात जाड कोट एवढे संरक्षण पुरत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेग वाढला, तसा समोरचा वारा, धूळ आणि रस्त्यावरून उडणारी खडी सोसवेना, आणि मग लाकडी किंवा पितळी चौकटीत बसवलेली एक आडवी काच, जादा पैसे मोजून लावून घेण्याची वस्तू म्हणून, बाजारात आली. ही काच बहुधा दोन भागांची असे आणि वरचा भाग बिजागरीवर फिरवून उघडता येई. त्यामागचे कारण साधे होते: पावसात काचेतून काही दिसत नसे. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट १९०३ सालीच घेतले होते, तरी वायपर गाडीबरोबर मिळू लागायला बराच अवधी जायचा होता. तोवर वरची काच उचलून, तोंडावर सरी झेलत गाडी हाकणे हाच राजमार्ग होता.

ही साधी काच फुटे तेव्हा तिचे लांबट, सुरीसारख्या धारेचे तुकडे होत. खिडकीची काच घरात फुटते तेव्हा माणूस सहसा तिच्यापासून दूर उभा असतो. मोटारीत मात्र चालकाचे आणि शेजाऱ्याचे तोंड तिच्यापासून दीड-दोन हातांवर असते आणि ठोकर बसताच दोघेही तिच्याच दिशेने फेकले जातात. आसनाला बांधून घेण्याचा पट्टा ही पुढच्या पिढीची गोष्ट होती. डोके काचेतून आरपार जाणे हा एक धोका, आणि काचेच्या चौकटीत उरलेल्या सुळक्यांवर मागे येताना गळा चिरला जाणे हा त्याहून भयंकर दुसरा.

याउलट उघड्या गाडीच्या बाजूंना काच नव्हतीच. पाऊस आला की कापडी टप वर ओढायचा आणि दोन्ही अंगांना जाड कापडाचे पडदे बटणांनी अडकवायचे, अशी व्यवस्था होती, आणि बाहेरचे दिसावे म्हणून त्या पडद्यांत सेल्युलॉइडचे पारदर्शक तुकडे शिवलेले असत. सेल्युलॉइड म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, अर्थात सेल्युलोज नायट्रेट, आणि कापूर यांच्या मिश्रणातून बनलेले, माणसाने घडवलेले पहिले खपाऊ प्लास्टिक. कंगवे, गळपट्ट्या, छायाचित्रांच्या फिल्म आणि दादासाहेब फाळक्यांच्या काळातील चित्रपटांच्या पट्ट्या या सर्वांमागे हेच सेल्युलोज नायट्रेट होते. ते फुटत नसे, पण उन्हाने पिवळे पडे, घडीवर चिरे आणि ठिणगी लागताच भडकून पेटे. सुरक्षित काचेच्या पुढील इतिहासात या पदार्थाचे हे सगळे गुणदोष पुन्हा भेटणार आहेत.

काचेचा चुरा उडू न देण्याचे प्रयत्न मोटारीच्या आधीपासून चालू होते. फिलाडेल्फियाच्या फ्रँक शूमन यांनी १८९२ साली काचेच्या पोटात तारेची जाळी गुंतवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते. कारखान्यांच्या छपरांत आणि जिन्यांच्या दारांत ही जाळीदार काच लवकरच दिसू लागली. (हेच शूमन पुढे १९१३ साली कैरोजवळच्या मादी येथे सूर्याच्या उष्णतेवर पाणी उपसणारे यंत्र उभारण्यासाठी गाजले.) जाळीतून रस्ता पाहत गाडी चालवणे मात्र कुणालाच रुचण्यासारखे नव्हते. इंग्लंडमध्ये जॉन क्रू वुड यांनी १९०५ साली दोन काचांच्या मध्ये सेल्युलॉइडचा पातळ पत्रा घालून तो कॅनडा बाल्समने चिकटवण्याची कल्पना मांडली. कॅनडा बाल्सम ही फर जातीच्या झाडाची राळ असून तिच्यातून प्रकाश जवळजवळ काचेतून जातो तितकाच वळतो, म्हणून दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक बनवणारे कारागीर भिंगे जोडायला ती वापरत. कल्पना बरोबर होती, पण राळ महाग पडे, आणि व्यापारी यश वुड यांच्या वाट्याला आले नाही.

यश आले ते पॅरिसच्या एदुआर बेनेदिक्तुस यांच्या पेटंटाला. १८७८ साली जन्मलेले हे गृहस्थ केवळ रसायनज्ञ नव्हते. चित्रकला, पुस्तकबांधणी आणि कापडावरील नक्षी यांत त्यांचे नाव होते, आणि ज्या अलंकरणशैलीला पुढे आर्ट डेको म्हटले गेले तिच्यातील त्यांचे नक्षीसंग्रह आज संग्राहक जपून ठेवतात. त्यांच्या शोधाची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी: १९०३ साली प्रयोगशाळेत त्यांच्या हातून उंच फळीवरची एक बाटली खाली पडली, फुटली, पण तिचे तुकडे विखुरले नाहीत. बाटलीत पूर्वी कोलोडियन, म्हणजे ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेले सेल्युलोज नायट्रेट, ठेवलेले होते. द्रव उडून गेल्यावर आतल्या अंगाला त्याचा अदृश्य पापुद्रा चिकटून राहिला होता आणि त्यानेच तुकडे धरून ठेवले होते. पुढे वर्तमानपत्रात मोटार-अपघातात काचेने जखमी झालेल्या एका मुलीची बातमी वाचताच त्यांना ती बाटली आठवली, असा या कथेचा उत्तरार्ध आहे. शोधांच्या कथांना योगायोगाचा असा सोनेरी मुलामा नेहमीच चढतो, आणि बाटली खरोखर पडली असली तरी ती पडण्यात आणि नोव्हेंबर १९०९ मधील पेटंट-अर्जात सहा वर्षांचे अंतर आहे हे विसरून चालत नाही. पापुद्र्याने तुकडे धरून ठेवता येतात हे ध्यानात येणे वेगळे, आणि काचेसारखी स्वच्छ, सपाट आणि टिकाऊ अशी तीन थरांची तावदाने हुकमी बनवता येणे वेगळे.

तीन थरांवरून या काचेला ‘ट्रिप्लेक्स’ हे नाव मिळाले. १९११ च्या सुमारास फ्रान्समध्ये तिच्या उत्पादनासाठी कंपनी निघाली आणि १९१२ साली इंग्लंडमधील हक्क घेऊन रेजिनाल्ड डेल्पेश यांनी तिथली ट्रिप्लेक्स सेफ्टी ग्लास कंपनी स्थापन केली. कृती कागदावर सोपी दिसते. दोन पातळ काचा धुऊन, पुसून लख्ख करायच्या. त्यांच्या आतल्या अंगांवर जिलेटिनचा, म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेल्या सरसाच्या शुद्ध रूपाचा, अतिशय पातळ थर चढवून तो सुकवायचा. सेल्युलॉइडचा पत्रा मध्ये घालून सगळा संच उष्णता देत दाबयंत्राखाली धरायचा. यात धुळीचा एखादा कण किंवा हवेचा एखादा बुडबुडा अडकला तरी तो कायमचा डोळ्यांसमोर राहणार, म्हणून काम अत्यंत सावधपणे करावे लागे. शिवाय चिकटवणारा थर आणि सेल्युलॉइड हे दोन्ही पाण्याचे वैरी. कडेतून ओल शिरली की थर सुटू लागत, आणि म्हणून तयार तावदानाच्या कडेने मधला पत्रा थोडा कोरून काढून त्या खाचेत डांबरासारखे लुकण भरावे लागे. जुन्या गाडीच्या काचेला चौकटीलगत ढगाळ, पांढुरका पट्टा आलेला दिसतो तो ही कड निकामी झाल्याची खूण असतो.

इतकी मेहनत घेऊन बनलेली काच साध्या काचेच्या कितीतरी पट महाग पडे यात नवल नाही. ती घेणारा ग्राहक मोटारवाला नव्हता. तो मिळवून दिला महायुद्धाने. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांच्या जागी, वैमानिकांच्या चष्म्यांत आणि विमानांच्या पुढच्या काचांत तीन थरांची काच वापरली गेली, कारण तिथे किमतीचा हिशेब वेगळा होता. तडा गेलेल्या काचेतून वायू आत शिरला तर मुखवटा असून नसल्यासारखा होता. युद्ध संपले आणि हा ग्राहक नाहीसा झाला. व्हिंटेज काळाच्या आरंभी ट्रिप्लेक्स ही श्रीमंतांनी महागड्या गाडीत हौसेने बसवून घेण्याची चीज होती, आणि मोटार बनवणाऱ्यांची एकंदर भूमिका अशी की सुरक्षिततेची जाहिरात म्हणजे अपघाताची आठवण करून देणे. गिऱ्हाइकाला ती कशाला करून द्यावी?

हे चित्र पालटण्यामागे काचेचा काहीच हात नव्हता. पालटला तो मोटारीचा साचा. १९१९ साली अमेरिकेत बनणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे एक-दशांश गाड्याच बंद छपराच्या होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण चार-पंचमांशांच्या वर गेले. हडसन कंपनीच्या एसेक्स गाडीने या बाबतीत वाट मोकळी केली. तिची बंद गाडी आधी उघड्या गाडीच्या जवळपास किमतीला आणि १९२५ पर्यंत तिच्याहून किंचित स्वस्त मिळू लागली, आणि मग उन्हापावसात भिजत जाण्याचे कुणाला कारणच उरले नाही. पण बंद गाडी म्हणजे समोर, मागे आणि दोन्ही बाजूंना काच. ज्या बाजूंना काल-परवापर्यंत सेल्युलॉइडची खिडकी शिवलेला पडदा फडफडत होता, तिथे आता माणसाच्या कानशिलाशी फुटणारे तावदान आले. गाडी अधिक आरामशीर झाली आणि त्याच हिशेबाने अपघातात अधिक धारदारही झाली.

मोटारधंद्याची काचेची भूक यामुळे इतकी वाढली की काच बनवण्याची रीतच बदलावी लागली. चांगली सपाट काच, जिला प्लेट ग्लास म्हणत, ती तोवर वितळलेला रस मोठ्या टेबलावर ओतून, लाटून, मंद गतीने थंड करून आणि मग दोन्ही बाजूंनी वाळूने घासून व लोहभस्माच्या लाल भुकटीने चकाकी देऊन तयार होई. एकेक तक्ता वेगळा, आणि घासण्यातच बरीचशी काच वाया जाणारी. हेन्री फोर्ड यांना दुसऱ्याच्या पुरवठ्यावर अवलंबून राहण्याचे वावडे होते. त्यांच्या कंपनीने १९२० च्या दशकाच्या आरंभी भट्टीतून अखंड वाहणारा रस रुळांमधून काढून काचेची न तुटणारी पट्टी बनवण्याचे प्रयोग केले, आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील सेंट हेलन्स गावच्या पिल्किंग्टन या काचव्यावसायिकांनी फोर्डशी हातमिळवणी करून ही रीत आणि तिच्या जोडीला अखंड घासणी साधली. तीन थरांच्या तावदानाला एकाऐवजी दोन काचा लागतात, आणि त्या पातळही असाव्या लागतात व सपाटही, हे लक्षात घेतले म्हणजे या सुधारणेचे महत्त्व कळते. प्लेट ग्लास स्वस्त झाल्यावाचून ट्रिप्लेक्स स्वस्त होणे शक्यच नव्हते.

१९२६ साली अमेरिकेच्या स्टुट्झ कंपनीने ‘सेफ्टी स्टुट्झ’ या नावाने आपली नवी गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्या पुढच्या काचेत बारीक आडव्या तारा गुंतवलेल्या होत्या. शूमन यांच्या जाळीची ही जरा सोज्वळ आवृत्ती म्हणता येईल. ती श्रीमंतांची गाडी होती. खरे वळण आले ते २ डिसेंबर १९२७ रोजी फोर्डने मॉडेल-टीच्या जागी मॉडेल-ए लोकांसमोर ठेवली तेव्हा. चारशे-पाचशे डॉलरांच्या या गाडीत पुढची काच तीन थरांची होती आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नव्हते. कंपनीच्या जाहिराती ट्रिप्लेक्सचे नाव घेऊन तिचा गाजावाजा करत. १९३१ पर्यंत मॉडेल-एच्या जवळपास ४८ लाख गाड्या बनल्या. सुरक्षितता विकली जात नाही या मोटारधंद्यातील समजाला यामुळे तडा गेला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. अर्थात बाजूच्या खिडक्यांत फोर्डनेही साधीच काच ठेवली होती.

इंग्लंडात हेच काम बाजारापेक्षा कायद्याने केले. १९२९ साली पिल्किंग्टन आणि ट्रिप्लेक्स यांनी मिळून सेंट हेलन्सजवळच्या एक्लस्टन येथे नवा कारखाना काढण्याचे ठरवले. १९३० च्या रोड ट्रॅफिक अॅक्टखाली जे नियम झाले त्यांनुसार १ जानेवारी १९३२ पासून नव्या गाडीची दर्शनी काच सुरक्षित असणे बंधनकारक झाले, आणि १ जानेवारी १९३७ पासून हाच नियम रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांनाही लागू झाला. अमेरिकेतही अनेक राज्यांनी त्या दशकात तसेच कायदे केले. इंग्लंडातील जुन्या गाड्यांना मिळालेली पाच वर्षांची सवलत त्यांच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटली पाहिजे, कारण ती संपली तेव्हा १९२० च्या दशकातल्या असंख्य गाड्यांची मूळ काच कायमची निघून गेली.

काच रस्त्यावर आली आणि मग उन्हाने आपले काम सुरू केले. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण सेल्युलोज नायट्रेटचे हळूहळू विघटन करतात. त्यातून नत्राची ऑक्साइडे सुटतात, थरात बुडबुडे धरतात, आणि रंग आधी फिकट पिवळा, मग चहासारखा तांबूस होत जातो. उघड्या गाडीच्या पडद्यापासून ओळखीचा असलेला सेल्युलॉइडचा हा दोष पडद्यात खपून जात होता, कारण पडदा स्वस्तात बदलता येई. सुरक्षित म्हणून घेतलेल्या काचेतून तीन-चार उन्हाळ्यांनंतर संध्याकाळच्या वेळी समोरचे दिसेनासे होऊ लागले तेव्हा मात्र तक्रारींना ऊत आला. उष्ण आणि दमट हवेत ही क्रिया आणखी वेगाने होते. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला आणि तिथून शेव्हरोले गाड्या मुंबईच्या आणि दख्खनच्या रस्त्यांवर उतरू लागल्या. ज्या हवेत चामड्याला बुरशी येते आणि पितळ हिरवे पडते त्या हवेत सरसाने चिकटवलेल्या काचेची परीक्षा डेट्रॉइटपेक्षा कडक होती हे सांगायला नको.

१९३३ च्या सुमारास उत्पादकांनी नायट्रेट सोडून सेल्युलोज ॲसिटेट हा त्याचा भाऊबंद उचलला. तो उन्हात टिके, सहजी पेटतही नसे. पण थंडीत तो ठिसूळ होई आणि उष्णतेत ढिला पडे, म्हणजे काच स्वच्छ राहिली तरी हिवाळ्यात तिच्यात डोके अडवण्याचे बळ उरत नसे. एक दोष काढायला जावे तर दुसरा पुढे यावा, असा हा प्रकार होता. तो संपवणारा पदार्थ म्हणजे पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, ज्याला काचधंद्यात आजही थोडक्यात पीव्हीबी म्हणतात. अमेरिकन रसायनज्ञ कार्लटन एलिस यांच्या नावावर त्याचे १९३८ चे पेटंट आहे, आणि त्याच्या विकासात रसायने बनवणाऱ्या तसेच काच बनवणाऱ्या अनेक मोठ्या अमेरिकी कंपन्या एकत्र आल्या होत्या. या रबरी, ताणल्या जाणाऱ्या पापुद्र्याला वेगळा सरस लागत नाही. उष्णता आणि दाब यांनी तो स्वतःच काचेला असा धरतो की कडा बंद करण्याचीही गरज उरत नाही. आदळणारे डोके तो झोळीसारखे झेलतो आणि काचेचे तुकडे त्याला चिकटून राहतात. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत नायट्रेट आणि ॲसिटेट हे दोघेही मागे पडले होते, आणि आजच्या गाडीची पुढची काच याच पापुद्र्यावर उभी आहे.

दरम्यान सुरक्षित काचेची एक सर्वस्वी निराळी जात पुढे आली होती, जिच्यात मधला थर नव्हता. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला तर त्याचा शेपटीवाला गोळा होतो; त्या गोळ्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपटीचे टोक मोडताच क्षणात त्याचे पीठ होते. प्रिन्स रूपर्ट यांनी हे थेंब १६६० च्या सुमारास इंग्लंडच्या राजदरबारात आणले आणि रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली त्यांच्यावर लिहिले. कारण असे की बाहेरचा भाग आधी घट्ट होतो आणि आतला भाग नंतर आकसताना त्याला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो, आणि दाबाखालच्या काचेत तडा सुरूच होऊ शकत नाही. फ्रान्सच्या रॉयेर द ला बास्ती यांनी १८७४ साली तापलेली काच तेलाच्या हौदात बुडवून हाच परिणाम घरगुती भांड्यांत आणला. सपाट तावदान सुमारे ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारण्याची रीत मात्र १९२० च्या दशकाच्या अखेरीस पक्की झाली आणि फ्रान्सच्या सँ-गोबँ कंपनीने १९२९ पासून ‘सेक्युरिट’ या नावाने अशी काच विकायला काढली. मराठी गॅरेजांत तिला टफन ग्लास म्हणतात. फुटली की ती खडीसाखरेसारख्या बोथट दाण्यांत मोकळी होते, आणि पुढे या दाण्यांचेही माप ठरले: आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५ सेंटिमीटरच्या चौकोनात किमान ४० तुकडे पडले पाहिजेत.

ही काच तीन थरांच्या काचेपेक्षा स्वस्त होती, पिवळी पडत नव्हती, कडेतून सुटत नव्हती. युरोपने ती आनंदाने स्वीकारली आणि दर्शनी काचेतही बसवली. अमेरिकेने पुढच्या काचेसाठी तीन थरच पसंत केले. मतभेदाचे मूळ एका खड्यात होते: रस्त्यावरचा खडा वेगात येऊन टफन काचेवर बसला की सबंध काच एकदम दुधाळ होऊन चालकापुढे भिंत उभी राहते, तर तीन थरांच्या काचेत एका जागी कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा जातो आणि बाकीची काच दिसती राहते. युरोपीय कारखान्यांनी चालकापुढचा भाग मोठ्या तुकड्यांत फुटावा म्हणून तेवढ्याच भागाला कमी टफन करण्याची युक्ती काढली, पण ती मलमपट्टीच होती. दुसऱ्या बाजूला अमेरिकी काचेतही उणीव निघाली. तिचा मधला पापुद्रा ०.३८ मिलिमीटरचा होता, वेगात आदळलेले डोके तो फाडून बाहेर जाई आणि फाटलेल्या काचेची कडा गळ्याभोवती राही. १९६६ पासून त्याची जाडी दुप्पट, म्हणजे ०.७६ मिलिमीटर करण्यात आली. पुढे युरोपही दर्शनी काचेपुरता तीन थरांकडे वळला, आणि टफन काच बाजूच्या व मागच्या खिडक्यांत स्थिरावली.

व्हिंटेज गाडीची काच बदलणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने एक गोष्ट सुदैवाची म्हटली पाहिजे: त्या काळची तावदाने सपाट होती. बाक असलेली अखंड दर्शनी काच १९३४ च्या क्रायसलर इम्पीरियल एअरफ्लोमध्ये प्रथम आली, आणि तशी गाडी हाती आली की नवी काच घडवण्यासाठी साचाच करावा लागतो. सपाट काचेच्या गाडीला मात्र पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला की पीव्हीबीच्या तयार तक्त्यातून हवा तो आकार काढता येतो. दोन्ही काचांवर हिऱ्याने रेघ ओढून त्या मोडायच्या आणि मधला पापुद्रा वेगळा कापायचा. टफन काचेला हे चालत नाही. कापणे, भोके पाडणे, कडा घासणे सगळे भट्टीत जाण्याआधी, कारण नंतर तिला चरा पाडला की तिचे दाणे होतात. मूळच्या काचेच्या कोपऱ्यात कोरलेली ट्रिप्लेक्सची किंवा अमेरिकी ‘ड्युप्लेट’ची जुनी मुद्रा नव्या काचेवर उठवून देणारे व्यावसायिकही आहेत, आणि गाडी अस्सल ठेवण्याचा आग्रह व डोळे शाबूत ठेवण्याची गरज यांच्यातली ही तडजोड रास्त मानायला हरकत नाही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आली आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे घालण्याची सोय झाली. मोटारीच्या काचा सुरक्षित असाव्यात ही अट त्याच नियमावलीत १९८९ पासून आहे. ब्रिटनचा नियम याहून बारकाईने बेतलेला आहे. तिथे १९५९ च्या आरंभापासून प्रथम रस्त्यावर आलेल्या प्रवासी गाडीच्या सर्व बाहेरील खिडक्यांत सुरक्षित काच लागते, पण त्याआधीच्या गाडीला ही सक्ती केवळ पुढे तोंड असलेल्या काचांपुरती आहे. त्यामुळे १९२८ सालच्या बंद गाडीची पुढची काच तीन थरांची असली तरी तिच्या दारांत मूळची साधी काच ठेवायला तिथे आजही कायद्याची आडकाठी नाही.